किडनी जागी होईपर्यंत

माझी मुलगी सव्वीस वर्षांची असताना तिच्या पायात ऑफिसचे बूट जाईनासे झाले. उन्हाळा होता. दुबईच्या उन्हाळ्यात सगळ्यांचेच पाय सुजतात, असं मी म्हणालो. मी हॉटेलच्या बँक्वेट विभागात काम करतो. लग्नं, कंपन्यांच्या मेजवान्या, सगळं उभ्याचं काम. पाय सुजण्याला आमच्याकडे आजार समजत नाहीत. पण बायकोने मुलीच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला, आणि तो भरून यायला इतका वेळ लागला की बायको पर्स आणायला उठली.

क्लिनिकमधल्या डॉक्टरने रक्तदाब दोनदा मोजला, मशीन बदलून पुन्हा मोजला आणि आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे कळलं की तिच्या दोन्ही किडन्या कित्येक वर्षं हळूहळू निकामी होत होत्या. कधी दुखलं नाही, खुपलं नाही. किडनीच्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि मुलगी फोनमध्ये टिपून घेत होती, ऑफिसच्या मीटिंगमध्ये टिपतात तसं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका शिपिंग कंपनीत तिला नुकतीच नोकरी लागली होती. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "ओके. सो नाऊ वी नो," आणि खिडकीकडे तोंड केलं.

आम्ही वसईचे, ख्रिस्ती. मी लग्नाआधी इकडे आलो, बायको लग्नानंतर आली. मुलगी इथलीच. ऊद मेथाच्या शाळेत शिकली, आणि त्याच शाळेत तिची आई अजून बालवर्गाला शिकवते. घर अल बर्शात. घरात आम्ही दोघं मराठी बोलतो आणि मुलगी इंग्रजीत उत्तर देते. तिला मराठी कळतं सगळं, पण ते तिच्या जिभेवर येत नाही. तेव्हा इथे तिचं जे बोलणं मी लिहितोय, ते बरंचसं मीच मराठीत आणलेलं आहे.

काही काळ औषधांवर निभावलं. मग डायलिसिस सुरू झालं. ऑफिस सुटलं की ती परस्पर तिकडे जायची. एका हातात सुया टोचलेल्या, दुसरा हात मांडीवरच्या लॅपटॉपवर. पाणी मोजून प्यायचं. केळं, नारळपाणी, संत्रं बंद. माझ्या बहिणीने वसईहून सवयीने सुकेळी, वाळवलेली केळी, पाठवली होती. बायकोने ते पुडकं न उघडताच खालच्या मजल्यावर देऊन टाकलं. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या केळीच्या बागा, आणि आमच्या पोरीला केळं विषासारखं. बहिणीला हे फोनवर सांगताना माझाच आवाज मला परका वाटला.

दुसरी किडनी बसवायची तर ती घरातल्याच कुणाची तरी हवी होती. बायकोला साखर आहे, त्यामुळे तिचं नाव पहिल्याच दिवशी बाद झालं. माझं रक्त जुळलं, तपासण्यांमध्येही मी पास झालो. मग हॉस्पिटलच्या समितीसमोर मला एकट्याला बसवून विचारलं, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का? मी म्हणालो, दबाव मीच आणतोय, घ्यायला ती तयार नाही. समितीतल्या एक बाई हसल्या. पण गोष्ट खरी होती. मुलीचं म्हणणं, "मी मागितलेली नाही." तिला समजावण्यात दोन महिने गेले. शेवटी एका रविवारी चर्चमधून परतताना ती म्हणाली, "बरं. पण कशी काढणार ते मला आधी कळलं पाहिजे."

म्हणून आम्ही तिघंही सर्जनसमोर बसलो. ते सीरियाचे, पिकलेल्या मिशांचे, हळू बोलणारे. बाजूला भूल देणारे डॉक्टर होते, ते केरळचे. माझ्याशी हिंदीत बोलायचे आणि वाक्य संपलं की मला कळलं का म्हणून थांबायचे. सर्जनने कागदावर माझी डावी कूस काढली आणि दोन मार्ग सांगितले. एक जुना. बरगडीखालून मोठी चीर घ्यायची आणि सरळ हात घालून किडनी काढायची. दुसरा दुर्बिणीचा. पोटाला बारीक छिद्रं पाडायची, पोटात गॅस भरून ते तंबूसारखं फुगवायचं म्हणजे आत काम करायला जागा होते, आणि सुटी झालेली किडनी शेवटी खाली एक छोटी चीर घेऊन बाहेर काढायची. बहुतेक ठिकाणी आता दुसराच मार्ग धरतात, असंही ते म्हणाले.

"कोणता गॅस?" मी विचारलं.

"कार्बन डायऑक्साइड," भूलवाले डॉक्टर म्हणाले. "तुमच्या हॉटेलात कोल्ड्रिंकच्या मशीनला सिलिंडर असतो ना? तोच."

तो सिलिंडर मी शेकडो वेळा बदलून घेतलेला. पोटात तो जाणार हे ऐकून मला विचित्रच वाटलं. मी विचारलं, तोच का? ते म्हणाले, कारण तो पेट घेत नाही, रक्तात गेला तर चटकन विरघळतो, आणि श्वासावाटे बाहेर पडतो. दुसरे वायू वापरून बघितलेत लोकांनी, पण रक्तात न विरघळणारा बुडबुडा फार घातक असतो.

"आणि किडनीला तो काही करतो का?"

हा प्रश्न मी सहज विचारला होता. पण दोघा डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि उत्तर द्यायला भूलवाले खुर्चीत पुढे सरकले.

"करतो," ते म्हणाले. "गॅस पोटाला आतून दाबतो. किडनी मऊ असते, तिच्या शिरा त्याहून मऊ. त्या दाबल्या की रक्त नीट बाहेर पडत नाही आणि आतही कमी जातं. शरीराला वाटतं, पाणी कमी पडलं. मग ते लघवी आवरून धरतं. ऑपरेशन चालू असताना लघवी अगदी थोडी होते. गॅस सोडून दिला की धडधाकट किडनी काही तासांत सावरते. आम्ही दाब शक्य तितका कमी ठेवतो, सलाइन भरपूर देतो. तुमच्याकडे राहणारी आणि तिच्याकडे जाणारी, दोन्ही किडन्या त्या वेळी गॅसखालीच असतात, म्हणून दोन्हींची काळजी घ्यावी लागते."

"म्हणजे चीर घेतली तर हा त्रास नाही."

"हा नाही. दुसरे आहेत."

सर्जन म्हणाले की वर्षभराने बघाल तर दोन्ही मार्गांनी काढलेल्या किडन्या सारख्याच चालतात. दुर्बिणीवाली कधी कधी सुरुवातीला जरा मंद असते, इतकंच. आणि शेवटी म्हणाले, "इन्शाल्ला खैर."

माझ्या डोक्यात बाकी काही शिरलंच नाही. सुरुवातीला मंद, एवढंच राहिलं. मी तिथेच सांगितलं, चीर घ्या. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, मला कूस घेऊन कुठे मिरवायचंय? पोरीला मिळेल ती किडनी ताजी मिळू दे.

त्या संध्याकाळी घरी भांडण झालं. मुलगी जेवणाच्या टेबलापाशी उभी राहूनच बोलत होती. डायलिसिसला तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई यायच्या. त्यांना भावाने दिलेली किडनी काही वर्षांनी बंद पडली होती. त्या भावाला मोठ्या चिरेने कापलं होतं. तो अजून त्या कुशीवर झोपू शकत नाही, वजन उचलू शकत नाही, असं त्या बाईंनी हिला सांगितलं होतं.

"तुम्ही दिवसभर उभे असता," ती म्हणाली. "टेबलं हलवता. मॅनेजर झालात तरी स्वतःच हलवता, मला माहीत आहे. तुम्हाला तसं कापणार असतील तर मला नको किडनी. डॅडी, आय मीन इट."

"अगं, पण ती तुझ्यात नीट चालली पाहिजे ना!"

"डॉक्टर म्हणाले ना, वर्षाने सारखंच."

"पहिले दिवस—"

"पहिले दिवस मी काढीन!"

बायको फरसबी निवडत बसली होती. ती एरवी आमच्या मधे पडत नाही. तिने सुरी खाली ठेवली.

"तुम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी भांडताय," ती म्हणाली. "दुसऱ्याला कमी दुखावं म्हणून. पण उशाशी मला बसायचंय. दोघांच्या. मला कुणी विचारलं?"

मी म्हणालो, "मग तू सांग."

तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "दुर्बीण. हिला किडनी पाहिजे, आणि मला हिंडता-फिरता नवरा पाहिजे. खलास."

खलास म्हटल्यावर आमच्या घरी पुढे बोलत नाहीत.

ऑपरेशन सकाळी होतं. दोन थिएटरं शेजारी शेजारी. आधी मला नेलं. बायकोने माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि लगेच मुलीच्या खोलीकडे वळली. मुलगी स्ट्रेचरजवळ आली नाही. तिने दारातून हात वर केला, शाळेच्या बसमधून करायची तसा.

शुद्धीवर आलो तेव्हा मला कुशीपेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. मला वाटलं, टेबलावरून पडलो बिडलो की काय. फिलिपिनो नर्स म्हणाली, गॅस आहे, थोडा आत उरतो, तो वर छातीखालच्या पडद्याला लागला की खांद्यात कळ येते, दोन दिवसांत जाईल. मी तिला विचारलं, मुलगी? ती म्हणाली, अजून आत आहे. माझ्या पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. नर्स दर थोड्या वेळाने वाकून ती बघायची. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण ती वारंवार बघते आहे हे माझ्या लक्षात आलं. पिशवी जवळजवळ रिकामी होती. मागे राहिलेली माझी एकटी किडनी रुसली होती. सलाइन वाढवलं. दुपारपर्यंत नळीत पिवळं पाणी दिसायला लागलं आणि नर्सने मला अंगठा दाखवला.

मग बायको आली. तिचं तोंड उतरलेलं होतं.

जिवंत माणसाची किडनी जोडली, रक्त सुरू केलं की पुष्कळदा ती टेबलावरच लघवी करायला लागते, असं सर्जनने आम्हाला आधी सांगितलं होतं. तसं झाल्यावर थिएटरमध्ये सगळे टाळ्या वाजवतात म्हणे. मुलीच्या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोडे थेंब आले आणि थांबले. संध्याकाळी सोनोग्राफी केली. किडनीत रक्त छान फिरत होतं. शिरा उघड्या, टाके व्यवस्थित. फक्त काम होत नव्हतं.

"झोपली आहे," किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थकली आहे. वाट बघू."

दुसऱ्या दिवशी मला चालवलं. सलाइनची काठी ढकलत, मास्क लावून मी मुलीच्या खोलीपर्यंत गेलो. आत जाऊ देत नव्हते, काचेतून बघायचं आणि फोनवर बोलायचं. तिचं तोंड सुजलेलं होतं. मी फोन लावला. तिने उचलला.

"आय ॲम सॉरी, डॅडी," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"तुमच्यात चालत होती ती. इतकी वर्षं. तुम्ही चीर घ्या म्हणत होतात. मी हट्ट केला."

मला जे सुचलं ते मी बोललो. म्हणालो, वेडी आहेस का, झोप. आणि फोन ठेवला. काचेच्या अलीकडे उभं राहून बापाला याहून बरं काही सुचायला हवं होतं. ती भिंतीकडे वळून झोपली.

तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा डायलिसिसवर घेतलं. ज्यातून सुटावी म्हणून एवढं केलं, त्याच मशीनला ती पुन्हा जोडलेली. बायको त्या दिवशी गाऊन-मास्क घालून तिच्याजवळ होती, तेवढी परवानगी मिळाली होती. तिथे काय झालं ते मला बायकोने नंतर सांगितलं. मुलीने तिच्याजवळही तेच काढलं, आपल्या हट्टामुळे झालं म्हणून. तेव्हा बायको म्हणाली, "हट्ट तुझा होता. निर्णय माझा होता. दोष द्यायचा असेल तर नीट पत्त्यावर दे." मुलीने तिच्याकडे बघितलं आणि ती पहिल्यांदा रडली. मग दोघीही रडल्या. मशीन चालू होतं म्हणून जवळ घेता येत नव्हतं, तर बायकोने तिचे पाय धरून ठेवले.

मला हे कळलं तेव्हा मी हादरलो. मी मुलीचं बघत होतो, स्वतःच्या खांद्याच्या कळेचं बघत होतो. ही बाई दोन खोल्यांमधून चालत होती, पेज आणत होती, नर्सना नमस्कार करत होती, आणि सगळा वेळ भांडणाच्या संध्याकाळी आपण बोललेलं ते एक वाक्य पोटात घेऊन फिरत होती.

मी भूलवाल्या डॉक्टरांना गाठलं. ते कॉरिडॉरमधून थिएटरच्या निळ्या कपड्यांत येत होते. मी रस्त्यातच उभा राहिलो.

"डॉक्टर, गॅसमुळे झालं का? खरं सांगा."

ते थांबले. मला बाजूच्या बाकावर बसवलं आणि स्वतःही बसले.

"थोडंफार असेल," ते म्हणाले. "किती ते मी सांगू शकत नाही. तुमच्या किडनीला दोन रोहिण्या निघाल्या, त्या जोडायला वेळ लागला. तेवढा वेळ ती बर्फात होती. जोडल्यावर तुमच्या मुलीचं ब्लड प्रेशर काही काळ खाली गेलं होतं. आणि त्याआधी गॅस होता. हे सगळं एकाच किडनीने सोसलंय. गॅसमुळे झालं म्हणालो तर खोटं होईल. गॅसमुळे नाही झालं म्हणालो तरी खोटंच होईल."

"हे तुम्ही तिला सांगाल?"

"तुम्ही सांगा ना."

"माझ्यावर विश्वास नाही बसणार. मी बाप आहे."

ते त्याच संध्याकाळी आले. मला काचेबाहेर बसायला खुर्ची दिली होती, दार थोडं उघडं ठेवलं होतं. मला सांगितलं तेच त्यांनी तिला इंग्रजीत सांगितलं, काही न लपवता. ती ऐकत होती. तिने फोनमध्ये काही टिपलं नाही.

"आणि मोठी चीर घेतली असती तर?" तिने विचारलं.

"तर कदाचित ही आज चालत असती. कदाचित नसती. आणि तुझे वडील आत्ता बाहेर खुर्चीत बसलेले नसते. ते पलंगावर असते, खोकायला घाबरत. तू मला त्यांच्याबद्दल असाच प्रश्न विचारला असतास."

तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं.

"अजून एक सांगतो," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या वडिलांकडे जी राहिली, तिनेही तोच गॅस सोसला. पहिले काही तास तीही बंद होती. मग उठली. तुझ्याकडची ही तिचीच बहीण. तिला जास्त मार बसलाय, म्हणून जास्त झोपलीय. मेलेली नाही. मेलेल्या किडनीत रक्त असं फिरत नाही. मी स्वतः बघितलंय."

किडनीला बहीण म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. त्यांची हिंदी तशी होती आणि इंग्रजीही तशीच. मुलगी किंचित हसली. "सो शी इज ऑन लीव्ह," ती म्हणाली. "सिक लीव्ह."

"एक्झॅक्टली," डॉक्टर म्हणाले. "अप्रूव्ह्ड."

मग सुईने किडनीचा कण काढून तपासला. शरीराने ती नाकारलेली नव्हती. आतल्या बारीक नळ्यांना इजा झाली होती, आणि अशी इजा भरून येते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. केव्हा, ते त्या म्हणाल्या नाहीत. मला घरी सोडलं.

घरी एकट्याने राहणं हॉस्पिटलपेक्षा अवघड गेलं. बायको तिकडेच असायची. खालच्या मजल्यावरची बाई डबा आणून द्यायची. चर्चमधले लोक फोन करायचे, आम्ही प्रार्थना करतोय म्हणायचे. एकाने सांगितलं, नवस बोला. मी बायकोला विचारलं, बोलायचा का? ती म्हणाली, "देवाशी सौदा नको. नुसतं माग." मी मागत होतो. खरं सांगायचं तर कधी कधी मी देवाऐवजी त्या किडनीशीच बोलायचो. उठ बाई, म्हणायचो. इतकी वर्षं माझ्याकडे होतीस, कधी तक्रार केली नाहीस, आता उठ.

आणखी एकदा डायलिसिस झालं. त्यानंतरच्या एका दुपारी मी सोफ्यावर डोळा लागून पडलो होतो. फोन वाजला. मुलीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता. खाली एक शब्द नाही. पिशवीचा फोटो. बोटांनी मोठा करून बघितला, खिडकीजवळ नेऊन बघितला. पिशवीच्या तळाशी काहीतरी होतं, पण ते पाणी की नुसती पिशवीची सावली, मला कळेना. आदल्या दिवशीही थेंबभर होतंच. मी बायकोला फोन लावला.

"काय आहे ते?"

"आहे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "सकाळपासून येतंय. थोडं आहे, पण आहे. आत्ता नर्सने दुसऱ्यांदा मोजलं."

"मग सकाळी का नाही सांगितलंस?"

"थांबेल म्हणून घाबरले," ती म्हणाली.

ते थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी वाढलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. रक्तात साठलेला कचरा दाखवणारा आकडा, क्रिएटिनिन, खाली यायला लागला, रोज थोडा, कंजुषीने. डायलिसिस पुन्हा लागलं नाही. मुलगी घरी आली तेव्हा तोंडावरची सूज गेली होती आणि गालाची हाडं दिसत होती. दारात तिने बूट काढले, सहज निघाले. बायको ते बघत राहिली आणि मग स्वयंपाकघरात गेली.

सगळं छान झालं असं म्हणता येणार नाही. ती किडनी कधी पहिल्या नंबरात आली नाही. क्रिएटिनिन जिथे येऊन थांबायला हवं होतं त्याच्या जरा वरच थांबलं, आणि तिथेच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुष्कळ वर्षं चालू शकते. किती, ते त्याही सांगत नाहीत, आणि आम्ही विचारायचं सोडून दिलंय. सकाळ-संध्याकाळ तिला घड्याळ लावून गोळ्या घ्याव्या लागतात. सर्दी झालेल्या माणसाजवळ बसता येत नाही. पण ती ऑफिसला जाते, मैत्रिणींबरोबर बाहेर जेवते. माझ्या कुशीवर तीन बारीक खुणा आणि ओटीपोटाखाली एक आडवी रेघ आहे. मी टेबलं हलवतो. कमी हलवतो, पण हलवतो.

भूलवाले डॉक्टर आता इथे नाहीत. एका तपासणीच्या दिवशी आम्ही त्यांच्यासाठी मिठाई घेऊन गेलो तेव्हा कळलं की ते नोकरी सोडून गावी परत गेले. इथे असंच असतं. ज्याने तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात कठीण आठवड्यात तुम्हाला धरून ठेवलं, तो माणूस एक दिवस सामान बांधून जातो आणि तुमच्याकडे त्याचा फोन नंबरही नसतो. मिठाई आम्ही वॉर्डमधल्या नर्सना दिली.

त्या दिवशी परतताना मुलगी गाडी चालवत होती. शेख झायेद रोडवर नेहमीची गर्दी, गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. रिपोर्ट ठीक होता. बायको मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. ती झोपली आहे असं आम्हा दोघांना वाटलं.

"डॅडी," मुलगी म्हणाली, "तुम्ही खरंच चीर घेतली असती?"

"हो."

"आत्ता, सगळं माहीत असूनसुद्धा?"

मी विचार केला. "घेतली असती," मी म्हणालो. "तू?"

"मी अजूनही नाहीच म्हणाले असते," ती म्हणाली. आणि मग, "तुम्हाला राग नाही ना आला?"

"नाही."

"मला पण नाही."

मागून बायको डोळे न उघडता म्हणाली, "मला कुणी विचारलं?"

पुढच्या गाड्या हलल्या होत्या. आमच्या मागच्याने हॉर्न दिला. मुलीने आरशातून आईकडे पाहिलं, "यल्ला, यल्ला, निघाले," असं त्या हॉर्नवाल्याला म्हणाली आणि गाडी पुढे घेतली.